मारानं गिरवलेलं अक्षर

अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं; जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. समुद्रानं मुंबई जवळ, पण दर्या खवळला की फार लांब. आजही पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँचा बंदच असतात. अशा या गावात १८७० च्या दशकात कल्याणहून एक टपाल कारकून बदलून आला. सोबत लहानगी बायको आणि बायकोची आजी. कारकुनाचं नाव गोपाळराव जोशी. बायको माहेरची यमुना, सासरची आनंदी. १८७४ साली लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि तो तिच्याहून कितीतरी मोठा. कचेरीत तो दिवसभर लोकांच्या पत्रांचे गठ्ठे हाताळायचा आणि घरी आला की बायकोच्या हातात पाटी द्यायचा. अक्षर नीट आलं नाही की मार.

गोष्ट पुढे अमेरिकेत जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला नवल वाटतं ते ती कुठल्या वाटेनं गेली याचं.

ज्या वर्षी आनंदीचं लग्न झालं त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात बावीस देशांनी टपालाचा करार केला. करारातली युक्ती भलतीच साधी होती. सगळे सभासद देश मिळून टपालापुरता एकच मुलूख मानायचा, आणि तिकिटाचे पैसे ज्या देशातून पत्र निघालं त्यानं ठेवून घ्यायचे. त्याआधी परदेशी पत्राच्या खर्चाचा हिशेब वाटेतल्या देशादेशांत वाटला जाई. हिंदुस्थान या करारात १८७६ मध्ये आला. देशातल्या देशात तर १८७९ पासून पैशाचं कार्ड निघालं आणि खुशाली कळवणं गरिबाच्याही आवाक्यात आलं. परदेशाचं पत्र मात्र मुंबईहून आगबोटीनं सुएझ, तिथून इटलीतलं ब्रिंडिसी बंदर, मग रेल्वेनं युरोप आणि पुन्हा बोटीनं अटलांटिक, असं कित्येक आठवडे फिरत जायचं. उत्तर हाती पडेपर्यंत ऋतू पालटलेला असे.

मधल्या काळात आनंदीला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. ती जेमतेम तेरा-चौदा वर्षांची होती. डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं ते यानंतर. पुढे कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिलं, बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत करा म्हणून. वाइल्डर कोल्हापुरात बरीच वर्षं काढून मायदेशी परतलेले होते. त्यांनी सल्ला दिला तो ख्रिस्ती होण्याचा, आणि अर्ज व उत्तर दोन्ही आपल्या मासिकात छापून टाकलं. मागणं फेटाळलं जाणं वेगळं आणि ते चारचौघांत छापून येणं वेगळं.

पण छापल्यामुळेच ते तिसऱ्याच माणसाच्या हाती लागलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर येईपर्यंत समोरचं मासिक त्यांनी चाळलं. हे १८८० च्या सुमाराचं. बाई स्वतः ख्रिस्ती, श्रद्धाळू. तरी त्यांनी जे पत्र लिहिलं त्यात धर्माची अट नव्हती, घराचं दार उघडं होतं. आनंदीनं उत्तर दिलं, आणि चेहरासुद्धा न पाहिलेल्या त्या बाईंना ती हळूहळू मावशी म्हणू लागली. इकडे तिची तब्येत ढासळू लागली तेव्हा मावशीनं अमेरिकेतून औषधं पाठवली.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात तिनं भरसभेत सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून निघाली, नवऱ्याशिवाय. प्रवेशासाठी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला तिनं इंग्रजीत लिहिलेला अर्ज तिथल्या अभिलेखागारात अजून जपून ठेवला आहे.

मला मात्र तिचं दुसरं एक पत्र जास्त अचंब्यात टाकतं. ते अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेलं आहे. तुमचं माझ्याशी वागणं चांगलं होतं की वाईट, हे ठरवणं अवघड आहे, असा त्याचा सूर. मला विचाराल तर दोन्ही, असंही ती म्हणते. हेतू पाहिला तर योग्य. कोवळ्या मनावर काय परिणाम झाला ते पाहिलं तर चूक. आणि मग ती मोजून एकेक गोष्ट मांडते: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, अंगावर फेकलेली पुस्तकं आणि खुर्च्या, बाराव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी तऱ्हेतऱ्हेच्या शिक्षा. हिंदू बायकोला नवऱ्याला अडवायचा हक्कच नसतो, गप्प बसायचं असतं, हेही ती त्याला सुनावते.

याला क्षमा म्हणावं का? गोड गोड क्षमा तर ही नव्हेच. व्यापाऱ्याच्या खातेवहीसारखी जमा आणि नावे या दोन्ही बाजू तिनं लिहिल्या, आणि एका बाजूनं दुसरी खोडली नाही. तरी नातं तोडलं नाही. श्री. ज. जोशींच्या १९६८ च्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीनं ही जोडी घराघरांत नेली. पण या पत्रातली आनंदी मला कादंबरीतल्या आनंदीहून करारी वाटते. माजघरात नवऱ्यासमोर उभं राहून हे बोलणं त्या काळी तिला जमलं असतं असं वाटत नाही. मध्ये दोन समुद्र होते आणि हाती लेखणी होती. लेखणी धरायला शिकवलं कुणी? ज्याच्याविरुद्ध ही फिर्याद आहे त्यानंच. मार देऊन शिकवलेल्या अक्षरांतच त्या माराची नोंद झाली. आणि ते पत्र राहिलं, म्हणजे गोपाळरावांनी ते फाडून टाकलं नाही. त्यांच्याबद्दल काही चांगलं लिहायचं तर मी हे आधी लिहीन. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं त्यात ही पत्रं आली, म्हणून आज ती आपल्यापर्यंत पोचली.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पदवीदानाला गोपाळराव होते आणि नात्यातल्या पंडिता रमाबाईही होत्या. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला होता, आनंदीबाईंनी नाही, आणि दोघी एका सभागृहात होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक ठरली होती. पण क्षयानं गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं.

आपल्याकडे अशुभ बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत होती. हाती घेताच वाचणाऱ्याला कळे. मावशीकडे जे गेलं ते मात्र नुसतं कार्ड नव्हतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची पत्रं पोचती करणाऱ्या गोपाळरावांनी बायकोच्या अस्थी अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथं, कारपेंटर मंडळींच्या कबरींशेजारी, त्यांच्या घरच्याच जागेत त्या पुरल्या आहेत.