घरच्या संगणकास प्रिंटर सापडत नाही तेव्हा

प्रगतिपत्रके छापण्याची वेळ यावी आणि कालपर्यंत सुरळीत चालणारा घरचा प्रिंटर 'ऑफलाइन' असल्याचे संगणकाने दाखवावे, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांस येतो. मग प्रिंटर बिघडला असे समजून तो तालुक्याच्या गावी दुरुस्तीस नेला जातो. वस्तुतः यंत्रात बहुधा काहीच दोष नसतो. संगणक त्यास चुकीच्या पत्त्यावर हाक मारीत असतो, एवढेच.

वायफायवरील प्रिंटर व संगणक हे राउटरमार्फत एकमेकांशी बोलतात. राउटर प्रत्येक यंत्रास टिंबांनी विभागलेल्या चार संख्यांचा पत्ता देतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५. हा पत्ता ठराविक मुदतीपुरताच असतो. वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला, किंवा प्रिंटर सुटीभर बंद राहिला, म्हणजे तोच पत्ता पुन्हा मिळेल असा नेम नाही. संगणक मात्र पुष्कळदा जुनाच पत्ता धरून बसतो. विद्यार्थ्याने बिऱ्हाड बदलले आणि शाळेच्या दप्तरी जुनाच पत्ता राहिला, तर पालकांस धाडलेले पत्र जसे परत यावे, तसाच हा प्रकार होय.

सबब, संगणकातील प्रिंटरची नोंद काढून टाकण्यापूर्वी प्रिंटरचा पत्ता पाहावा. तो त्याच्या पडद्यावर दिसतो, अथवा जाळ्याच्या माहितीचा कागद छापून घेता येतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे. मग संगणकावरील सारी खटपट व्यर्थ होय. राउटरचा पासवर्ड बदलला आहे काय, हे पाहावे. शिवाय पुष्कळसे प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीच ओळखतात; ५ गिगाहर्ट्झचे जाळे त्यांस दिसतच नाही.

पत्ता ठीक असल्यास तो संगणकाच्या पत्त्याशी ताडून पाहावा. तो वायफायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये मिळतो. घरगुती जाळ्यात पहिल्या तीन संख्या सहसा सारख्या असतात. त्या जुळत नसतील तर संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि प्रिंटर राउटरवर, असे बहुधा झालेले असते. रेंज गेली की हॉटस्पॉट लावण्याची सवय आता सर्वत्र असल्याने ही चूक फार आढळते. राउटरचे 'गेस्ट' जाळेही टाळावे. त्यावरील यंत्रांस इतर यंत्रे दिसू नयेत अशीच योजना त्यात सहसा असते.

दोन्ही पत्ते जुळल्यास प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टंकून पाहावा. बहुतेक प्रिंटरांचे स्वतःचे एक पान उघडते. ते उघडले म्हणजे वाट मोकळी आहे. मग विंडोज संगणकात 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मधील 'पोर्ट्स' येथे नवा पत्ता घातला की काम भागते. राउटरमध्ये तो पत्ता त्या प्रिंटरसाठी राखून ठेवल्यास वीज गेली तरी तो बदलत नाही. प्रिंटरवर मनाने एखादा पत्ता घालणे मात्र धोक्याचे, कारण राउटर तोच पत्ता एखाद्या मोबाइलला देऊन बसतो.

पत्ता बदलण्यापूर्वी रांगेत अडकलेली छपाई रद्द करावी. तसे न केल्यास सकाळपासून पुनःपुन्हा धाडलेली सारी पत्रके एकदम बाहेर पडू लागतात.