देवगिरीची गादी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिसकावून घेतलेल्या वस्तूची कबुली कुणी आपण होऊन लिहून देत नाही. देवगिरीच्या रामचंद्र यादवाने ती तांब्यावर कोरून दिली. पैठणला सापडलेला त्याचा शके 1193 चा, म्हणजे इ.स. 1271-72 चा ताम्रपट आहे. दानाचा तपशील येण्याआधी त्यात रीतीप्रमाणे वंशाची थोरवी गायली आहे, आणि त्या थोरवीतच सांगितलं आहे की रामचंद्राने आमणाकडून राज्य बळाने घेतलं.

हा आमण कोण? महादेवरायाचा मुलगा, रामचंद्राचा सख्खा चुलतभाऊ. काही महिने तो देवगिरीचा राजा होता. रामदेवराय, हेमाडपंत आणि अल्लाउद्दीन ही तीन नावं घेतली की आपली यादवांची उजळणी संपते. त्यामुळे आमण गाळला जातो, आणि त्याच्या रिकाम्या जागी बरेच गैरसमज येऊन बसतात.

गैरसमज 1: महादेवरायानंतर रामदेवराय सरळ गादीवर आला.

वस्तुस्थिती: रामदेवराय म्हणजेच रामचंद्र. पण तो महादेवाचा मुलगा नव्हता, आणि त्याच्या पाठोपाठचा राजाही नव्हता. यादवांमधला सर्वांत प्रबळ राजा सिंघण. त्याचा मुलगा जैतुगी बापाच्या हयातीतच वारला, म्हणून सिंघणानंतर राज्य नातवाकडे, कृष्णाकडे गेलं. शिलालेखांत हाच कृष्ण ‘कन्हर’ म्हणूनही येतो. 1261 च्या सुमारास कृष्ण वारला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र लहान होता. राज्य कृष्णाच्या धाकट्या भावाने, महादेवाने हाती घेतलं आणि दहाएक वर्षं ते चांगलं वाढवलं. उत्तर कोकणातल्या शिलाहारांचं राज्य त्यानेच बुडवलं. महादेव गेल्यावर गादीवर आला तो आमण. एव्हाना रामचंद्र मोठा झाला होता.

गैरसमज 2: थोरल्या मुलाचा हक्क ठरलेला होता, म्हणजे दोघांपैकी एक जण नक्कीच चोर.

वस्तुस्थिती: तेराव्या शतकात असा घट्ट नियम नव्हता. बापामागून मुलगा ही सर्वसाधारण रीत होती, पण वारस अज्ञान असेल आणि राज्य मोठं असेल तर कर्ता भाऊ पुढे येई. कृष्णाच्या काळात महादेव युवराज होता. तेव्हा तो चोरवाटेने आत शिरला असंही म्हणता येत नाही.

अडचण पुढच्या पिढीत आली. रामचंद्राची बाजू अशी: राज्य माझ्या वडिलांचं, काकांनी ते सांभाळलं, आता ते माझ्याकडे यावं. आमणाची बाजू अशी: माझे वडील राजे म्हणून वारले, मग मी वारस नाही तर कोण? ज्यांच्या घरात आज्याच्या जमिनीची वाटणी रखडली आहे, त्यांना हा वाद समजावून सांगायला नको. काकाने कसली, वाढवली, सातबाऱ्यावर नावही चढवून घेतलं. आता थोरल्याचा मुलगा दारात उभा आहे. दोघांचंही म्हणणं खोटं नाही. फरक इतकाच की देवगिरीत तलाठी नव्हता, सैन्य होतं.

गैरसमज 3: रामचंद्राची माणसं नटांच्या वेषात गडावर गेली आणि खेळ रंगात आला असताना त्यांनी आमणाला धरलं, हा पक्का इतिहास आहे.

वस्तुस्थिती: ही हकीकत महानुभाव परंपरेतल्या ग्रंथांतून येते. नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचा मेळा गडावर आला, आमण खेळ बघायला बसला, आणि त्याच मेळ्यातल्या माणसांनी शस्त्रं काढून त्याला कैद केलं; पुढे त्याचे डोळे काढले, असं ही परंपरा सांगते. महानुभाव पंथ याच काळातला आणि याच प्रदेशातला, त्यामुळे कथा उडवून लावण्यासारखी नाही.

तरी दोन साधनांचं वजन वेगळं ठेवायला हवं. ताम्रपट बळाचा उल्लेख करतो. नटांचा नाही, डोळ्यांचाही नाही. सत्ताबदल सक्तीने झाला एवढं राजाच्या स्वतःच्या दप्तरावरून पक्कं धरता येतं. तो कसा झाला, याची परंपरेने सांगितलेली एक रीत आपल्याकडे आहे. देवगिरीचा उभा तासलेला कडा, खंदक आणि अंधारी नावाची काळोखी वाट चढून गेलेल्या माणसाला मात्र एक गोष्ट कथेशिवायही पटते. हा गड समोरून लढून काही दिवसांत घेता येत नाही. तो इतक्या लवकर हाती आला असेल, तर आतून कुणीतरी साथ दिलेली असणार.

गैरसमज 4: हेमाडपंत हा रामदेवरायाचा मंत्री, आणि देवळं बांधणं हे त्याचं काम.

वस्तुस्थिती: हेमाडपंत म्हणजेच हेमाद्री आधी महादेवाचा मंत्री होता. त्याचं पद श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्याचा प्रचंड धर्मशास्त्रग्रंथ महादेवाच्या काळातला, आणि त्यातल्या राजप्रशस्तीत महादेवाचं तोंडभर कौतुक आहे. पुढे महादेवाच्या मुलाला हटवून रामचंद्र आला, तेव्हा हेमाद्री त्याच्याही दरबारात मानाने राहिला. सरदार-मुत्सद्द्यांनी आमणाची बाजू सोडली म्हणून तर त्याचं राज्य काही महिन्यांत आटोपलं. ज्याच्या हाती दप्तर, त्याला नव्या राजाने दुखावून चालत नाही. दप्तरवाल्यालाही राजा लागतोच.

देवळांचं म्हणाल, तर चुना न वापरता दगडात दगड बसवून बांधलेल्या प्रत्येक जुन्या देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांचं, त्यातला शिलालेख 1060 चा. तेव्हा हेमाद्रीच्या पणजोबांचाही जन्म झाला नसेल.

गैरसमज 5: बळाने गादी घेणारा राजा लोकांच्या नजरेत दोषीच राहिला.

वस्तुस्थिती: 1290 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ग्रंथाच्या शेवटी ज्ञानदेवांनी काळ आणि स्थळ सांगितलं आहे. त्यात रामचंद्राचं नाव येतं ते यदुवंशातला, कलांना आश्रय देणारा, न्यायाने राज्य करणारा राजा म्हणून. आमणाला हटवून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. या मधल्या काळात रामचंद्राच्या फौजा उत्तरेला माळव्यात आणि दक्षिणेला होयसळांच्या मुलखात लढल्या होत्या. त्याचा सेनापती साळुव टिक्कम होयसळांच्या राजधानीपर्यंत, द्वारसमुद्रापर्यंत धडकला होता.

पैठणच्या ताम्रपटातल्या त्या कबुलीचा अर्थही इथे लागतो. रामचंद्राच्या लेखी ती कबुली नव्हतीच, तो पराक्रम होता. वंशाच्या थोरवीत तो कोरण्यासारखा वाटला म्हणून कोरला. लोकांनीही राजाला तो गादीवर कसा आला यापेक्षा पुढे कसा वागला यावरून जोखलं.

गैरसमज 6: यादवांच्या भाऊबंदकीने देवगिरी बुडवली.

वस्तुस्थिती: हा गैरसमज सर्वांत लाडका, कारण त्यातून बोध पटकन काढता येतो. पण सालं जुळत नाहीत. आमणाचा प्रश्न 1271 मध्ये मिटला. अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर आला 1296 मध्ये, पंचवीस वर्षांनी. तेव्हा गडावर दुफळी नव्हती. अडचण वेगळी होती: मुख्य फौज घेऊन युवराज शंकरदेव बाहेर गेला होता, आणि शत्रू इतक्या दुरून, इतक्या झपाट्याने येईल अशी कुणाची कल्पना नव्हती.

गादीच्या भांडणाचा देवगिरीशी संबंध होता, पण ते भांडण दिल्लीचं होतं. अल्लाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता. गंगेकाठच्या कडा प्रांताचा तो सुभेदार, सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई. काकाची गादी त्याला हवी होती आणि त्यासाठी पैसा हवा होता. देवगिरीची मोहीम त्याने सुलतानाला अंधारात ठेवून केली. लूट घेऊन तो कड्याला परतला. जुलै 1296 मध्ये पुतण्याला भेटायला नावेतून आलेल्या जलालुद्दीनचा त्याने काठावरच खून करवला. मग दिल्लीच्या वाटेवर मुक्कामोमुक्कामी मंजनीक, म्हणजे दगड फेकण्याचं यंत्र, उभं करून त्यातून सोन्याच्या चांदण्या लोकांवर उधळल्या, असं इतिहासकार बरनी लिहितो. ते सोनं देवगिरीचं होतं. जलालुद्दीनच्या मुलांचे सरदार त्या सोन्याने फुटले, आणि अर्कली खान व रुक्नुद्दीन या दोन्ही शाहजाद्यांचे डोळे काढले गेले.

गैरसमज 7: 1296 मध्ये यादवांचं राज्य संपलं.

वस्तुस्थिती: त्यानंतरही रामचंद्र पंधराएक वर्षं राज्य करत होता. 1296 मध्ये कबूल केलेली खंडणी थकल्यावर, आता सुलतान झालेल्या अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर चालून आला, रामचंद्राला दिल्लीला नेण्यात आलं. तिथे अल्लाउद्दीनने त्याचा मान राखला, ‘रायरायान’ हा किताब देऊन परत पाठवलं. बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट 1310 चा आहे, आणि त्यातही राजाच्या विजयांची लांबलचक यादी आहे. रामचंद्रामागून आलेला शंकरदेव दिल्लीशी भांडला आणि काफूरच्या हातून मारला गेला. जानेवारी 1316 मध्ये अल्लाउद्दीन वारला, दिल्लीत पुन्हा गादीवरून रक्तपात सुरू झाला, तेव्हा रामचंद्राचा जावई हरपाळदेव उठला. दिल्लीची गादी जिंकलेल्या मुबारक शाहाने 1317-18 च्या स्वारीत त्याला पकडून ठार केलं. यादवांची गादी संपली ती तेव्हा.

एक शेवटची नोंद. अल्लाउद्दीननंतर काफूरने तख्तावर बसवलेला शिहाबुद्दीन हा सहाएक वर्षांचा मुलगा रामचंद्राच्या मुलीचा, असं इतिहासकार इसामी सांगतो. हा इसामी याच देवगिरीत, म्हणजे पुढच्या दौलताबादेत, राहत होता. म्हणजे देवगिरीकराचा नातू काही महिने दिल्लीचा सुलतान होता. मग त्याचा सावत्र भाऊ मुबारक स्वतः गादीवर बसला आणि पोराला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकून त्याचे डोळे काढले. आमणाबद्दल परंपरा जे सांगते, तेच पंचेचाळीस वर्षांनी त्याच्या चुलतभावाच्या नातवाच्या वाट्याला आलं.