डिकीच्या तळाशी

गौरी-गणपतीचे विसर्जन आटोपून आम्ही चिपळूणहून कऱ्हाडला परतत होतो. सात माणसे, सात माणसांचे सामान, सासुरवाडीहून निघालेले तांदळाचे दोन कट्टे, नारळ, आणि वर कॅरिअरवर ताडपत्रीखाली गच्च आवळलेल्या बॅगा. कुंभार्ली घाट अर्धाअधिक चढून झाला आणि पुढच्या गाड्यांचे लाल दिवे एकामागून एक थांबत गेले. वर कुठेतरी दरड आली होती. अंधार पडलेला, पाऊस असा की काच खाली केली तर मांडीवर पाणी, आणि मोबाइलला रेंज नाही.

सासरे मधल्या रांगेत होते. त्यांना इन्शुलिन चालू आहे. पाटणला जेवायचे ठरल्यामुळे त्यांनी घाट चढण्याआधी, चहाच्या टपरीवरच इंजेक्शन घेऊन टाकले होते. तासाभराने ते उगीचच चिडल्यासारखे बोलू लागले. मग बोलणे तुटक झाले, कपाळावर घाम आला. ‘‘बाबांची साखर उतरलीय. काहीतरी गोड द्या आधी,’’ बायको म्हणाली.

गोड गाडीत भरपूर होते. मोदक होते, पेढे होते, बिस्किटांचे चार पुडे होते. सगळे कॅरिअरवर, ताडपत्रीखाली, मीच मारलेल्या गाठींच्या आत. गाठी सोडायला उजेड हवा. चांगली मोठी बॅटरी होती, पण ती हत्यारांच्या पेटीत. पेटी डिकीच्या तळाच्या झाकणाखाली. झाकणावर तांदळाचे कट्टे. मी पावसात उभा राहून कट्टे ओढत होतो. आत माझी मुलगी आजोबांचा हात धरून त्यांच्याशी सारखी काहीबाही बोलत होती.

आमच्या पुढे एक ट्रक होता. त्याचा चालक आरशात आमची धावपळ पाहत असावा. तो उतरला, काय झाले विचारले आणि केबिनमध्ये हात घालून, दिवा न लावता, साखरेचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन आला. सासरे शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून साखरपाणी पाजता आले. (शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचे नसते, ते श्वासनलिकेत जाते, अशा वेळी दवाखाना गाठणे एवढेच उरते.) पंधरा-वीस मिनिटांत ते ओळखीचे बोलू लागले. पहिले वाक्य होते, ‘‘भिजलात कशाला एवढे?’’

रस्ता मोकळा व्हायला पाच तास लागले. त्या वेळात मी त्या चालकाची केबिन पाहून घेतली. स्टोव्ह, डबा, दोर, पाना, बॅटरी, अंथरूण या सगळ्याला ठरलेली जागा. माझ्याकडे त्याच्या दुप्पट वस्तू होत्या. गाडी घेतली तेव्हा मासिकांतून यादी उतरवून मी त्या हौसेने जमवल्या होत्या आणि एकेक पाहुण्याला डिकी उघडून दाखवल्या होत्या.

आपल्याकडे अशी गाडी पूर्वी जीप म्हणून ओळखली जाई. महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास विलिज जीप जोडायला घेतली आणि पुढे कित्येक वर्षे ती पाटबंधारे खाते, पोलीस आणि साखर कारखाना यांचीच गाडी राहिली. चालकाच्या सीटखाली गोणपाटात गुंडाळलेली हत्यारे असत आणि ती कुठे आहेत हे साहेबांच्या शिपायालाही ठाऊक असे. १९९४ साली टाटा सुमो आली आणि अख्खे घर एका गाडीत मावू लागले. आताच्या एसयूव्हीच्या जाहिरातीत ती एकटीच डोंगरमाथ्यावर उभी असते. प्रत्यक्षात ती लग्नाला आणि देवदर्शनाला जाते, तिसरी रांग उघडलेली असते आणि तिच्यामागे डिकी म्हणून जेमतेम वीतभर जागा उरते. म्हणजे अडीअडचणीचे सामान जिथे ठेवायचे ती जागा, माणसे सर्वांत जास्त असतात त्याच दिवशी नाहीशी होते. रिकाम्या गाडीत सामान लावून पाहणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. माझ्या आले नव्हते.

त्या रात्रीनंतर मी यादी फाडली आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: ही लागेल तेव्हा माझ्याकडे किती वेळ असेल?

काही वस्तूंसाठी दहा सेकंदही नसतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईत काही माणसे स्वतःच्या बंद गाडीतच गुदमरून गेली. बाहेर पाण्याचा दाब आला की दार उघडत नाही, आणि पाणी विजेच्या जोडण्यांत शिरले की काचही खाली येईलच असे नाही. म्हणून पाणी चढू लागताच पहिल्या क्षणी पट्टा सोडायचा आणि काच खाली करायची. ते जमले नाही तर हातोडी. टोकदार पोलादी तोंडाची, मागे पट्टा कापायचे पाते असलेली ही छोटी हातोडी फार महाग नसते. पुढच्या मोठ्या काचेवर ती चालवण्यात अर्थ नाही. त्या काचेच्या पोटात प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकते पण सुटत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारायची. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच पापुद्र्याच्या येतात, तेव्हा आपल्या गाडीची कोणती काच फुटणारी आहे हे आधी विचारून ठेवावे. सीटवरची डोके टेकायची उशी उपसून तिच्या दांड्यांनी काच फोडायची युक्ती मोबाइलवर फिरत असते. त्या दांड्या त्यासाठी केलेल्या नाहीत. हातोडीची जागा चालकाच्या उजव्या हाताशी, आणि घट्ट बसवलेली. समोरच्या कप्प्यात ठेवली तर गाडी उलटल्यावर ती कप्प्यात असेल की छतावर, सांगता येत नाही.

आग विझवायचे एक किलोचे नळकांडे शेजारच्या सीटखाली कंसात अडकवले आहे. त्याच्या काट्याकडे महिन्याने एकदा पाहायचे, हिरव्यात आहे ना, आणि पावडर तळाशी गोळा होऊ नये म्हणून उलटे करून हलवायचे. पण धूर इंजिनातून येत असेल तर बॉनेट सताड उघडू नये, आत हवा जाऊन भडका उडतो. माणसे आधी उतरवावीत, गाडीचे नंतर पाहावे.

दुसऱ्या वस्तू अशा, की ज्यांना दोन-पाच मिनिटे मिळतात, पण भर रस्त्यात: परावर्तक त्रिकोण, चमकत्या पट्ट्यांचे जाकीट, बॅटरी. त्रिकोण गाडीसोबतच येतो आणि पुष्कळांच्या गाडीत तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आलेला नसतो. आपला रिवाज झाडाची फांदी तोडून टाकण्याचा आणि मागे चार दगड मांडण्याचा. फांदीचे एक वेळ ठीक, पण गाडी दुरुस्त झाली की दगड तिथेच राहतात आणि रात्री एखाद्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेतात. त्रिकोण निदान पन्नास-साठ पावले मागे हवा, घाटात तर वळणाच्या अलीकडे. या तीन वस्तू मी मागच्या दाराच्या आतल्या बाजूला पट्ट्यांनी बांधल्या आहेत. दार उघडले की समोर, आत कितीही कट्टे असोत. दुसरी, डोक्याला बांधायची बॅटरी चालकाच्या दारात असते. चाक बदलताना दोन्ही हात मोकळे लागतात आणि तोंडात बॅटरी धरून शिव्याही देता येत नाहीत.

उरली वेळखाऊ कामे: स्टेपनी, जॅक, दोर. माझ्या गाडीची स्टेपनी पोटाखाली टांगलेली आहे. लांब दांडा भोकात घालून फिरवायचा, मग ती साखळीने उतरते. एका रविवारी मुलीला सांगितले, ‘‘मी नाही असे समज आणि चाक बदल.’’ तिला सव्वा तास लागला. साखळीचा आटा चिखलाने धरला होता. चाकाचे नट गॅरेजमध्ये हवेच्या यंत्राने इतके आवळलेले की ती पान्यावर उभी राहिली तरी हलेनात. शेवटी पान्याला लोखंडी पाइपचा तुकडा जोडला तेव्हा सुटले. तो हातभर पाइप आणि जॅक चिखलात रुतू नये म्हणून फळीचा एक तुकडा, या दोन फुकटच्या वस्तू त्या दिवशी सामानात दाखल झाल्या. जुलै २०२० मधल्या नियमदुरुस्तीनंतर काही अटींवर स्टेपनीविना गाडी विकता येते. टायरमध्ये सोडायचे रसायन आणि हवेचा छोटा पंप मिळतो. खिळा घुसला तर त्याने भागते, टायर बाजूने फाटला तर नाही. नवी गाडी घेणाऱ्याने तिच्या खाली वाकून पाहावे.

जड वस्तू मोकळी ठेवू नये. ताशी पन्नासच्या वेगातली गाडी आदळून दोन फुटांत थांबली, तर आतली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या पंधरा-सोळा पट जोराने पुढे जाऊ पाहते. पाच किलोचा जॅक म्हणजे पाऊण क्विंटलचा धक्का. मागच्या काचेपाशी छत्री आणि पाण्याच्या बाटल्या रचणाऱ्यांनी तिथे पुढे कोण बसते ते आठवावे. तांदळाचे कट्टेही आता मी तळाला, सीटच्या पाठीला टेकवून ठेवतो आणि जाळीने आवळतो.

खाण्यापिण्याचे आणि औषधांचे मात्र वैर उन्हाशी आहे. मे महिन्यात जालन्याला बंद गाडी दुपारी तासभर उभी करा आणि समोरच्या फळीवर हात ठेवून पाहा. तिथे ठेवलेले इन्शुलिन निकामी होते, चिकट पट्ट्यांचा गोंद सुटतो, आणि पॉवर बँक किंवा सेंटची दाबाची बाटली तर धोक्याचीच. म्हणून औषधे आणि पॉवर बँक माणसाच्या पिशवीत, माणसाबरोबर चढणार आणि उतरणार. गाडीत कायम राहतात ते फक्त पाण्याचा पाच लिटरचा कॅन, एक चादर, रद्दी, रबरी चपला, सॅनिटरी पॅडचा पुडा, आणि शे-शंभराच्या थोड्या नोटा. रेंज गेली की मोबाइलने पैसे देता येत नाहीत, आणि टपरीवाला तोंड पाहून चहा देईलच असे नाही. जवळच्या माणसांचे नंबर, १०८ आणि महामार्गाचा १०३३ एका कागदावर लिहून आरशामागे खोचले आहेत. स्वतःच्या बायकोचा नंबर मला पाठ नाही, हे घाटात कळले होते.

अडकून पडल्यावर इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपणे हा एक मोह असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीच्या बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसे गेली, त्यांतल्या काहींचा जीव थंडीने नव्हे, धुराड्यातून आत आलेल्या विषारी वायूने घेतल्याचे सांगितले गेले. आपल्याकडून मनालीला गाडी घेऊन जाणारे आता कमी नाहीत. पण धुराडे बर्फानेच बुजते असे नाही, दरडीच्या चिखलानेही बुजते.

हे सगळे तपासायला मी दोन दिवस धरले आहेत. एक मेअखेरचा, पाऊस लागण्याआधी. दुसरा दसऱ्याचा. गाडीला हार घालायचा, नारळ फोडायचा आणि पूजेच्या पाटावर जॅक, पाना, बॅटरी, हातोडी मांडायची. शस्त्रपूजाच ती. पाटावर आली की कोणती गंजली आणि कोणती शेजारी नेऊन परत केली नाही, ते आपोआप कळते.

ग्लुकोजची पावडर झाकणाच्या छोट्या बरणीत मधल्या रांगेच्या दारात असते, मुंग्या लागू नयेत म्हणून पिशवीत बांधून. सासरे गाडीत बसले की पट्टा लावायच्या आधी हात घालून ती चाचपतात. गेल्या वेळी कऱ्हाडला पोहोचेपर्यंत निम्मी संपली होती. साखर उतरली होती का, असे विचारले तर म्हणाले, ‘‘नाही, चांगली आहे ना बघत होतो.’’