रक्तांतील साखरेचा जमाखर्च

मधुमेह हा बैठ्या श्रीमंतांचा रोग, नांगर धरणारास त्याचें भय नाहीं, असा समज गांवोगांवीं रूढ आहे. हा समज घातक असल्यामुळें शरीरांत साखरेची व्यवस्था कशी चालते, हें कृषीवल बंधूंपुढें थोडक्यांत मांडितों.

भाकरी, भात, गूळ वा उपवासाचा साबुदाणा, कांहींही खाल्लें तरी पचनानंतर त्याची बहुतांशीं ग्लुकोज नांवाची साखर होऊन ती रक्तांत उतरते. निरोगी माणसाच्या सर्व रक्तांत उपाशीपोटीं ही साखर सुमारें 5 ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभरच असते. ही अल्प शिल्लक राखण्याचें काम जठरामागील स्वादुपिंड करितें. जेवणानंतर साखर वाढली कीं तें इन्सुलिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतें. त्यायोगें स्नायू साखर आंत घेतात व यकृत कांहीं साखर, पेंवांत धान्य भरावें तशी, सांठवून ठेवितें. रात्रीं वा उपवासांत साखर उतरूं लागली म्हणजे स्वादुपिंड ग्लुकागॉन सोडून तें पेंव उघडवितें.

मधुमेहांत हा हिशेब दोन मुख्य प्रकारें बिघडतो. पहिल्यांत इन्सुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. दुसऱ्यांत शरीर इन्सुलिनास पुरती दाद देत नाहीं व पुढें तें अपुरेंही पडतें. रक्तांत साखर सांचते, पण पेशी उपाशी! 100 मिलिलीटर रक्तांत साखर सुमारें 180 मिलिग्रॅमवर गेली कीं ती लघवीवाटे पाण्यासह वाहूं लागते; म्हणून वारंवार लघवी व अनावर तहान.

टोरोंटो येथें 1921 सालीं बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन काढिलें व जानेवारी 1922 मध्यें तें एका 14 वर्षांच्या मुलास प्रथम टोंचण्यांत आलें. तत्पूर्वीं पहिल्या प्रकारचा रोगी फार काळ वांचत नसे. म्हणून अशा रोग्यानें इन्सुलिन सोडून झाडपाल्यावर विसंबणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

शेतकऱ्यानें विशेष जपावें तें पायांस. जुन्या मधुमेहांत पाय बधिर होतात. कांटा रुतला तरी कळत नाहीं, जखम चिघळते व प्रसंगीं पाय कापावा लागतो. यास्तव शेतांत अनवाणी जाऊं नये व रोज सायंकाळीं तळपाय पाहावे. काम करणारा स्नायू इन्सुलिनावांचूनही साखर ओढून घेतो, म्हणून कष्ट हितकर खरे. परंतु इन्सुलिन घेणारानें उपाशीपोटीं राबूं नये. घाम, कंप वा भोंवळ आल्यास तत्काळ साखर खावी. एकादशी धरण्यापूर्वीं वैद्यकीय सल्ला घ्यावा.

उपाशीपोटीं साखर 126 मिलिग्रॅम वा अधिक, अशी दोनदां आढळल्यास मधुमेह ठरतो. सारावसुलीची नोटीस येईपर्यंत थांबणारास दंड पडतो. येथें तो दंड डोळे, मूत्रपिंडें व पाय यांनीं भरावा लागतो. तरी चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानें रक्त तपासून घ्यावें, ही विनंती.