लिनक्सवरून छपाई मंदावली? नवा प्रिंटर घेण्याआधी हे तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. जुन्या संगणकांपैकी बऱ्याच यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. यंत्र चांगले चालते, पण कार्यप्रणाली जुनी झाली, अशा अडचणीतल्या दुकानदाराला परवान्याचा पैसा न लागणारे लिनक्स हा सोयीचा मार्ग आहे. मात्र लिनक्स टाकल्यावर पहिली तक्रार येते ती छपाईची. बिल निघते, पण रेंगाळत निघते. नंदुरबारच्या मिरची बाजारात हंगामात आवक वाढली की आडत दुकानात एका बिलाला दोन मिनिटे लागणे परवडत नाही. दुरुस्तीवाला "प्रिंटर बदला" म्हणून मोकळा होतो. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना आमचे सांगणे असे की, खिशात हात घालण्याआधी वेळ नेमका कोठे जातो ते पाहावे.

ते पाहण्याची रीत सोपी आहे. छपाईची आज्ञा द्या आणि घड्याळाकडे बघा. प्रिंटर बराच वेळ गप्प बसून मग भराभर छापतो, की लगेच सुरू होऊन कण्हत कण्हत छापतो? पहिल्या प्रकारात दोष बहुधा संगणकात किंवा वायरीत असतो. दुसऱ्या प्रकारात दोष आज्ञेच्या भाषेत असतो, आणि डॉट मॅट्रिक्स वापरणाऱ्यांना बहुतेक वेळा हाच दुसरा प्रकार भोवतो.

लिनक्समध्ये छपाईचा कारभार 'कप्स' नावाची प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनी ती तयार केली आणि १९९९ साली ती बाहेर आली. कप्स येणारा कागद, म्हणजे पीडीएफ वगैरे, 'घोस्टस्क्रिप्ट'सारख्या साधनाकडून ठिपक्यांच्या चित्रात बदलून घेते व ते चित्र प्रिंटरला पाठवते. लेसर प्रिंटरला हे ठीक. पण नऊ सुयांच्या डॉट मॅट्रिक्सच्या पोटात इंग्रजी अक्षरे व आकडे आधीच भरलेले असतात. त्याला नुसते 'ए' हवे म्हटले की पुरे, 'ए'चे चित्र काढून द्यावे लागत नाही.

हिशेब करून पाहा. सहा इंच उंचीचे बिल, इंचाला सहा ओळी, म्हणजे छपाईच्या डोक्याच्या ३६ फेऱ्या. तेच बिल चित्र म्हणून गेले तर एका फेरीत आठ सुया मिळून इंचाचा नववा भाग रंगवतात, म्हणजे ५४ फेऱ्या. दुप्पट बारकावा मागितला तर १०८. त्यातही चित्र छापताना डोके सावकाश चालते आणि ठिपके जुळावेत म्हणून पुष्कळदा एकाच दिशेने छापते, परतीची फेरी रिकामी. प्रिंटर बिचारा आळशी नाही, त्याच्यावर काम तिप्पट लादलेले आहे.

उपाय असा. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पुढे दोन टिंबे व ६३१ हा आकडा टाकला की कप्सचे पान उघडते. तेथे त्याच प्रिंटरची दुसरी नोंद करावी व चालक म्हणून 'जेनेरिक टेक्स्ट-ओन्ली' निवडावा. बिलाचा प्रोग्राम साधा मजकूर पाठवणारा असेल तर बिले या नोंदीवर सोडावीत आणि पहिली नोंद बाकी कामांसाठी ठेवावी. 'रॉ' नावाची नोंदही हेच काम करते, पण कप्सकर्त्यांनी ती मोडीत काढायचे जाहीर केले आहे, तेव्हा नव्याने तिच्या नादी लागू नये.

येथे एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मराठी किंवा उर्दू अक्षरे साधारण डॉट मॅट्रिक्सच्या पोटात नसतात. नस्तालीकमध्ये तर अक्षर जागेनुसार रूप बदलते व तिरके उतरत जाते, त्यामुळे ते चित्र म्हणूनच जाणार. म्हणून दुकानाचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, अटी हे सारे छापखान्यातून ऑफसेटवर आधीच छापून घ्यावे आणि संगणकाने फक्त आकडे व मालाची नावे भरावीत. हा जुनाच रिवाज आहे, पण आजही याहून स्वस्त तोड आम्हांला दिसत नाही.

छापखानेवाले व शादीच्या पत्रिका करणारे कारागीर लेसर वापरतात, त्यांचे दुखणे निराळे. ए-४ कागद इंचाला ६०० ठिपक्यांनी काळा-पांढरा छापायचा तर सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात. १२०० केले की चौपट. नमुना प्रत पाहण्यासाठी ६०० किंवा ३०० पुरतात, १२०० शेवटच्या प्रतीला ठेवावे. पत्रिकेत सावल्या व पारदर्शक रंग फार असतील तर जुना संगणक ते चित्र करतानाच थकतो. 'टॉप' ही आज्ञा चालवली आणि यादीत 'जीएस' सर्वांत वर दिसला, तर घोस्टस्क्रिप्ट राबतो आहे असे समजावे. प्रिंटर तेव्हा निर्दोष असतो.

वायफाय किंवा नेटवर्कवर प्रिंटर असेल तर प्रत्येक छपाईआधी काही सेकंदांचा खोळंबा बहुधा नाव शोधण्यात जातो. प्रिंटरला राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता द्यावा आणि कप्समध्ये नावाऐवजी तो पत्ता घालावा. छपाईची खिडकी उघडायलाच वेळ लागत असेल तर यादीतले बंद पडलेले, विकून टाकलेले प्रिंटर काढून टाकावेत, संगणक त्यांचीही वाट पाहत असतो. यूएसबीवरून पॅरलल प्रिंटर जोडणारी स्वस्त केबलही पुष्कळदा संशयित असते. दुसरी केबल लावून पाहणे हा सर्वांत सोपा तपास.

नवापूरकडून गुजरातेत माल पाठवणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. आंतरराज्य ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून लागू झाले. चालकाजवळ त्याचा क्रमांक असला तरी चालतो, छापील प्रतच हवी असे नाही. तेव्हा त्याच्या छपाईसाठी गाडी खोळंबवू नये. मालाचे बिल मात्र सोबत हवे.

एवढे करूनही उमगले नाही तर कप्सच्या व्यवस्थापन पानावर तपासणीची माहिती साठवण्याची खूण करावी, एक पान छापावे आणि त्रुटींची नोंदवही उघडावी. प्रत्येक ओळीला वेळ लिहिलेली असते. दोन ओळींमध्ये जेथे मोठे अंतर दिसेल तेथेच वेळ अडला. ही खूण नंतर काढून टाकावी, नाहीतर नोंदवही फुगत जाते.

आणि सकाळी झपाझप छापणारा डॉट मॅट्रिक्स दुपारी मंद होत असेल तर लिनक्सला दोष देऊ नये. डोके तापले की अनेक यंत्रे स्वतःहून वेग कमी करतात, आणि आपल्याकडचा मे महिना सर्वांना ठाऊक आहे. प्रिंटर पत्र्याखालून हलवावा, त्याच्यावर फडके किंवा पावतीपुस्तके टाकू नयेत, आणि वाळलेली रिबन वेळेवर बदलावी.