येवल्याच्या पैठणीला हवी स्वतःची वेबसाइट

येवल्याला पैठणी घ्यायला निघालेलं गिऱ्हाईक आता आधी मोबाइलवर दुकान शोधतं. पत्ता, वेळ, किमतीचा अंदाज मिळाला नाही, तर ते दुसरीकडे वळतं. स्वतःची वेबसाइट असेल, तर विणकराला आपला माल नीट समजावून सांगता येतो. हातमागावरच्या पैठणीचे काठ-पदर उलट बाजूनेही तितकेच सुबक दिसतात. यंत्रमागावरच्या नकलेत मागे बहुधा सुटे धागे दिसतात. हा फरक दाखवणारे दोन फोटो परगावच्या गिऱ्हाइकालाही पटतात. सोशल मीडियावरची पोस्ट चार दिवसांत मागे पडते; वेबसाइटवरची माहिती हवी तेव्हा सापडते. वेबसाइटच्या पत्त्यासाठी, म्हणजे डोमेनसाठी, २०१४पासून ‘.भारत’ हा देवनागरी पर्यायही मिळतो. मात्र डोमेन स्वतःच्याच नावावर घ्या आणि मुदत संपण्याआधी त्याचं नूतनीकरण करा.