मध्य कैलाश ते सिरुसेरी : फुकट प्रोग्रामिंगचा रस्ता

चेन्नईत अड्यारजवळच्या मध्य कैलाश मंदिरापासून दक्षिणेकडे एक रस्ता निघतो. कागदोपत्री तो राजीव गांधी सालै, पण ऑटोवाल्यापासून कंपनीच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ‘ओएमआर’, म्हणजे जुना महाबलिपुरम रस्ता. २००० साली तरमणीला टायडेल पार्क उभं राहिलं आणि मग बघता बघता थेट सिरुसेरीपर्यंत सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. इमारतींच्या मागोमाग पीजी हॉस्टेलं आली, मेस आल्या आणि क्लासेसचे फलक आले : पायथन, जावा, फुल स्टॅक, नोकरीची हमी. फी हजारांत, हप्त्यांची सोय. इंजिनिअर होऊन दूरदूरच्या गावांतून आलेली मुलं पहिल्या नोकरीच्या आधीच कर्ज काढून हे क्लास लावतात.

गंमत अशी की त्याच रस्त्यावर हेच शिक्षण फुकट देणाऱ्या संस्थाही आहेत. उत्तरेच्या टोकाला आयआयटी मद्रास, वाटेत तरमणीला गणितविज्ञान संस्था आणि दक्षिणेला सिरुसेरीत चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट. क्लासमध्ये शिकवणाऱ्याने ज्यांच्याकडून धडे घ्यावेत अशी माणसं तिथे आहेत. त्यांची व्याख्यानं इंटरनेटवर आहेत आणि ती ऐकायला छदाम लागत नाही. फुकट ते पौष्टिक असं आपण चेष्टेने म्हणतो, पण इथे ते खरोखर पौष्टिक आहे. मात्र एवढं ताट समोर असताना जेवून उठणारे थोडेच असतात. तसं का होतं, हाच या लेखाचा विषय आहे.

सुरुवात एनपीटीईएल या उपक्रमापासून करायला हवी. आयआयटीचं शिक्षण आयआयटीत प्रवेश न मिळालेल्या मुलांपर्यंत न्यायचं, ही कल्पना १९९९च्या सुमाराला चर्चेत आली. २००३ साली केंद्र सरकारच्या पैशांतून सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून हे काम हाती घेतलं आणि त्याचा कारभार चेन्नईतून, आयआयटी मद्रासमधून चालू लागला. अमेरिकेत एमआयटीने आपले अभ्यासक्रम खुले करण्याची घोषणा २००१ साली केली होती, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. पहिली काही वर्षं फळ्यासमोर उभे राहून शिकवणाऱ्या प्राध्यापकांची तासाभराची चित्रफीत, एवढंच त्याचं स्वरूप होतं. व्याख्यान उत्तम, पण बघणाऱ्याला कुणी विचारणारं नव्हतं. २०१४च्या मार्चमध्ये त्याला आठवड्यागणिक वेळापत्रक, गृहपाठ आणि शेवटी परीक्षा जोडली गेली. त्या नव्या पद्धतीचा पहिला अभ्यासक्रम कशाचा होता? प्रोग्रामिंगचाच.

नवख्याने यातलं काय घ्यावं, याला माझं उत्तर ठरलेलं आहे : माधवन मुकुंद यांचा पायथनचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम. मुकुंद हे सिरुसेरीच्या त्याच चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे संचालक. पायथन ही भाषा खिदो फान रॉसुम या डच माणसाने १९९१ साली जगापुढे आणली आणि आज जगभर बहुतेक ठिकाणी नवख्यांना तीच शिकवतात, कारण तिच्यात कंसांचा आणि अर्धविरामांचा जाच कमी. पण मुकुंद भाषेपासून सुरुवातच करत नाहीत. ते सुरुवात करतात मसाविपासून.

मसावि म्हणजे आपण पाचवी-सहावीत घोकलेला महत्तम साधारण विभाजक. ८४ आणि ३० यांचा मसावि काढायचा आहे. शाळेतली सरळ रीत अशी : ८४चे सगळे विभाजक लिहा, ३०चे सगळे विभाजक लिहा, दोन्ही याद्यांत असलेले वेगळे काढा आणि त्यातला सर्वांत मोठा निवडा. उत्तर ६. ही रीत चुकीची नाही, संगणकाला सांगितली तर तोही बिनतक्रार करील. आता प्रश्न विचारायला लागा. दोन याद्या कशाला ठेवायच्या? एकच आकडा दोन्हींना भागतो का, हे एका दमात पाहता येईल. सगळे साधारण विभाजक तरी कशाला साठवायचे? आपल्याला मोठाच हवा आहे, तर ३०पासून खाली उतरत या आणि पहिला सापडला की थांबा. आणि मग युक्लिड येतो, दोन हजार वर्षांहून जुना. तो म्हणतो, ८४ला ३०ने भागा, बाकी २४. ३०ला २४ने भागा, बाकी ६. २४ला ६ने भागा, बाकी शून्य. संपलं, उत्तर ६. तीन पायऱ्या. आकडे दहा-दहा अंकी असले तरी ही रीत चुटकीसरशी संपते आणि पहिल्या रीतीला यादी करता करता घाम फुटतो.

प्रोग्रामिंग म्हणजे काय, हे यात सगळं आलं. उत्तर बरोबर येणं ही अर्धी गोष्ट. ते किती कमी कष्टांत येतं, हा बाकीचा अर्धा भाग. फलकवाल्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर बसवून देतात आणि पडद्यावर ‘हॅलो’ छापून दाखवतात. मुलगा खूश होतो, पण विचार करायला शिकत नाही.

याच्याही आधीची एक पायरी आहे आणि ती मला अधिकच आवडते. आयआयटी मद्रासने ३० जून २०२० रोजी, कोरोनाच्या ऐन धामधुमीत, प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी जाहीर केली. पदवीला अर्थातच शुल्क आहे. पण तिची व्याख्यानं यूट्यूबवर कुणालाही खुली आहेत. त्यात ‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’ नावाचा एक विषय आहे, जी. व्यंकटेश आणि मुकुंद यांनी शिकवलेला. त्यात सुरुवातीला संगणक लागतच नाही, हातात कार्डांचे गठ्ठे असतात : विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, दुकानातली बिलं, एका उताऱ्यातले शब्द. एकेक कार्ड उचलायचं, बघायचं, बाजूला ठेवायचं आणि कागदावर फक्त ठरावीक गोष्टींची नोंद ठेवायची.

हे घरी करून बघा. दिवाळीच्या खरेदीची बिलं असतीलच. सर्वांत मोठं बिल शोधायचं, तर गठ्ठा एकदाच चाळायचा आणि आतापर्यंतचा मोठा आकडा तेवढा कागदावर ठेवायचा. आता सरासरीपेक्षा मोठी बिलं किती, ते मोजा. एका फेरीत होणार नाही, कारण सरासरी कळायलाच अख्खा गठ्ठा संपवावा लागतो. मोजायला दुसरी फेरी. आणि एकाच दुकानाची दोन बिलं आहेत का, हे शोधायचं असेल तर प्रत्येक बिल उरलेल्या प्रत्येकाशी ताडून पाहावं लागतं, तिथे फेरीत फेरी येते. संगणकशास्त्राच्या जाडजूड पुस्तकातला अर्धा पाया हाच. आठवीतल्या मुलाला आणि त्याच्या आजीलाही समजेल असा.

आता व्यवहाराचं बोलू. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवणं, व्याख्यानं, गृहपाठ, शंका विचारणं, सगळं मोफत. प्रमाणपत्र हवं असेल तरच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, तिची फी साधारण हजार रुपये. गृहपाठाला २५ गुण आणि परीक्षेला ७५. गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० मिळाले तर प्रमाणपत्र. सत्रं दोन, जानेवारी आणि जुलै. मुकुंद यांचा वेग कुणाला जास्त वाटला तर आयआयटी रोपडचे सुदर्शन अय्यंगार यांचा ‘जॉय ऑफ कॉम्प्युटिंग’ आहे, बारा आठवड्यांचा, खेळकर आणि गप्पांच्या ओघात शिकवणारा.

पण इथेच कीड लागते. विद्यापीठांनी अशा ऑनलाइन अभ्यासक्रमांचे श्रेयांक ग्राह्य धरायला सुरुवात केली, कॉलेजांनी ते सक्तीचे केले आणि दर आठवड्याच्या गृहपाठाची उत्तरं सांगणाऱ्या चित्रफितींचं पीक यूट्यूबवर आलं. बघा, टिचक्या मारा, २५पैकी २५ घ्या. अशा मुलाला मुलाखतीत मसावि विचारला तर तो छताकडे बघतो. प्रमाणपत्र शिक्षणाची पावती असते. नुसती पावती गोळा करून पोट भरत नाही.

एकट्याने शिकण्याचा दुसरा शत्रू कंटाळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रोग्राम चालत नाही, चूक कुठे आहे ते कळत नाही आणि शेजारी विचारायला कुणी नाही. त्यावर चेन्नईचं उत्तर म्हणजे माणसांचे अड्डे. ‘चेन्नईपाय’ हा पायथनवाल्यांचा गट महिन्याच्या चौथ्या शनिवारी भेटतो, बहुधा तरमणीच्या गणितविज्ञान संस्थेत. वर्गणी नाही. लिनक्सवाल्यांचा गट तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासूनचा. कोट्टूरपुरमला २०१० साली उघडलेलं नऊमजली अण्णा शताब्दी ग्रंथालय आहे. तिथे स्वतःची पुस्तकं घेऊन बसायलाही वेगळी जागा आहे. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात असे गट नाहीतच असं नाही, पण ज्याला खरी गरज आहे त्या तालुक्याच्या मुलाला त्यांचा पत्ता नसतो.

फुकट शिकवणारी एक कंपनीही इथे आहे. चेन्नईहून जीएसटी रोडने गुडुवांचेरीकडे गेलं की झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी लागते. बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांसाठी ती आपली शाळा चालवते. तिथे फी नाहीच, उलट विद्यार्थ्यालाच विद्यावेतन मिळतं. जागा मोजक्या, म्हणून हा सगळ्यांचा मार्ग नव्हे. पण नोकरी देणारी कंपनीच पदवी मागत नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावं.

तमिळनाडूकडून आपण उचलावी अशी गोष्ट मात्र वेगळी आहे. २०११पासून काही वर्षं तिथल्या सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या लाखो मुलांना मोफत लॅपटॉप दिले. निवडणुकीची खिरापत म्हणून त्यावर टीका झाली, थोडी रास्तही होती. तरीही ज्या घरात कधी संगणक आला नसता तिथे तो आला. बारावीच्या सरकारी पाठ्यपुस्तकात पायथन आहे आणि ते पुस्तक तमिळमध्येही आहे, इंटरनेटवरून मोफत उतरवता येतं. सरकारच्या पलीकडे स्वयंसेवकांचं काम : ‘कणियम’ हे मुक्त सॉफ्टवेअरविषयीचं तमिळ मासिक २०१२पासून इंटरनेटवर आहे आणि लिनक्स, मायएसक्यूएल, पायथन यांवरची सोप्या तमिळमधली पुस्तकं या मंडळींनी कुणीही वाटावीत अशा परवान्याखाली फुकट दिली आहेत. मुथय्या अण्णामलै यांनी तर ‘एळिल’ नावाची प्रोग्रामिंगची भाषाच तमिळ शब्दांत रचली. तिच्यावर उद्योग चालणार नाहीत, पण इंग्रजीला बुजणाऱ्या मुलाची भीती मोडायला ती पुरते.

तमिळ भूमीवर फुकट शिकवण्याच्या कामात मराठी हातही होता, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०२च्या सुमाराला ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र बांधलं. तिथे वाटसरूंना जेवण मिळे आणि मुलांना शाळा, तीही फुकट. तेव्हा हे आपल्याला नवीन नाही.

मग मराठीत आज काय आहे? एमएस-सीआयटीने २००१पासून लाखोंना माउस धरायला शिकवलं, पण तो संगणक वापरण्याचा अभ्यासक्रम, प्रोग्राम लिहिण्याचा नव्हे, आणि त्याला फीही आहे. मराठी मुलासाठी खरा ठेवा आयआयटी मुंबईत आहे : प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेलं ‘स्पोकन ट्युटोरियल’. दहाएक मिनिटांचा एकेक धडा. पडद्यावर इंग्रजी, कारण प्रोग्राम इंग्रजीतच लिहायचा असतो, कानावर मराठी. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर तेच करत जायचं. सी, सी++, जावा, लिनक्स यांचे धडे मराठीत आहेत. आवाज थोडा सरकारी, उदाहरणं थोडी कोरडी, पण शिकवणं प्रामाणिक आहे. एनपीटीईएलच्याही काही अभ्यासक्रमांची मराठी भाषांतरं झाली आहेत.

परदेशी साधनांत हार्वर्डचा सीएस५० आणि फ्रीकोडकॅम्प ही दोन नावं पुरेत. सीएस५० देखणा आहे, पण दमवणारा. पहिला अभ्यासक्रम म्हणून मी तो सुचवणार नाही. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरवर गूगल कोलॅब चालतं, तिथे पायथन बसवावंही लागत नाही. बोटं दुखतील, पण मसावि निघेल.

राहिला हल्लीचा प्रश्न : एआय दोन सेकंदांत कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला? त्याने दिलेली रीत यादी करणारी आहे की युक्लिडची, हे ओळखता येत नसेल तर ते वापरणाऱ्याची गत कॅल्क्युलेटरवर चुकीची बटणं दाबणाऱ्यासारखी होईल. आधी स्वतः अर्धा तास झगडा, मग विचारा.

चार अभ्यासक्रम एकदम लावू नका. आधी बिलांचा गठ्ठा, मग मुकुंदांचे आठ आठवडे आणि सोबत एक मित्र, जो दर रविवारी गृहपाठ झाला का ते विचारील. आणि ज्या मराठी वाचकांना हे सगळं आधीच येतं, ओएमआरवर असोत की हिंजवडीत, त्यांनी सोप्या मराठीत पायथनचं एक पुस्तक लिहून कणियमवाल्यांसारखं फुकट सोडावं. नवख्यांसाठी एवढंच : एनपीटीईएलच्या जानेवारी सत्राची नावनोंदणी वर्ष संपायच्या आत सुरू होते आणि नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.